फोनवरून टाकीला विचारायचंय, पाणी किती आहे? इन्फ्लक्सडीबी आणि ओपन सोर्स ॲप, मदत हवी

टाकीवाला_वडगाव

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची सोसायटी वडगाव बुद्रुकला, सिंहगड रोडपासून जरा आत, ४२ फ्लॅट, दोन विंग. मी यंदा सेक्रेटरी आहे, म्हणजे मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून झालो. पाण्याचं काय ते सगळ्यांना पाठ आहेच, गुरुवारी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने, आणि मग दिवसभर मला फोन, "अहो टाकीत किती आहे, टँकर सांगितला का?" वॉचमन काका गच्चीवर चढून टाकीत काठी घालून बघायचे पण त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून दिवाळीनंतर तापकीर गल्लीत जाऊन एक ईएसपी८२६६ चा वायफायवाला बोर्ड आणि पाण्यात भिजला तरी चालणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणला, जेएसएन-एसआर०४टी. तो झाकणाखाली बसवला, दर ३० सेकंदाला रीडिंग, माझ्या घरातल्या जुन्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर इन्फ्लक्सडीबी १.८ (वेळेनुसार आकडे साठवणारा डेटाबेस), त्याच्यावर आलेख दाखवणारं ग्राफाना. हे सगळं मस्त चालू आहे, पाच-सहा महिन्यांचा डेटा जमलाय.

आता अडचण. ग्राफाना लॅपटॉपवर झकास दिसतं पण फोनवर उघडा, लॉगिन करा, फिरणारं चक्र बघा, मग बोटांनी ताणून ताणून आकडा शोधा, तोवर समोरचा माणूस जिना उतरून गेलेला असतो. मला डॅशबोर्ड नकोय. एक बटण पाहिजे, दाबलं की आकडा. आणि अधूनमधून "काल किती वापरलं" असले दोन-चार प्रश्न. ॲप ओपन सोर्सच हवं कारण कमिटीत दोन जण आहेत जे "आपला डेटा कुठे जातो" हे विचारणार, आणि तिसरे आहेत ते फक्त "किती रुपये" विचारणार.

आहे का असं काही?

अमृततुल्य

आहे. एचटीटीपी शॉर्टकट्स नावाचं ॲन्ड्रॉइड ॲप बघा, ओपन सोर्स आहे, एफ-ड्रॉइडवर (ओपन सोर्स ॲपांचं दुकान) मिळेल. ते मुळात डेटाबेससाठी नाहीये, कुठलीही एचटीटीपी विनंती एका आयकॉनमागे बांधून होमस्क्रीनवर ठेवतं, एवढंच. पण इन्फ्लक्सच्या १.८ ला तेवढंच लागतं कारण तो ८०८६ पोर्टवर एचटीटीपीतच बोलतो, वेगळा ड्रायव्हर वगैरे काही नको. पत्त्यात पायचा आयपी, ८०८६, /क्वेरी, पॅरामीटर दोन, एक डेटाबेसचं नाव आणि दुसरी खुद्द क्वेरी. सिलेक्ट लास्ट, कंसात पातळी, फ्रॉम टाकी. झालं. (इथे देवनागरीत लिहितोय म्हणून तसं टाइप करू नका राव.)

उत्तर जेसन नावाच्या मजकुराच्या मांडणीत येतं, ते कंसांचं जंगल काकांना दाखवू नका. ॲपमध्ये उत्तर आल्यावर चालवायला जावास्क्रिप्टचे दोन-चार ओळींचे तुकडे लिहिता येतात. रिझल्ट्समधला पहिला, त्यातली पहिली सिरीज, तिच्या व्हॅल्यूजमधली पहिली ओळ आणि त्यातला दुसरा आकडा, तो काढून "टाकीत १३२ सेमी" असं डायलॉगमध्ये दाखवा. पहिला आकडा वेळ असते, तीही दाखवा. सेन्सर तीन दिवसांपूर्वी मेला असेल तरी लास्ट तुम्हाला तीन दिवसांपूर्वीचाच आकडा आणून देईल, न लाजता.

भोसरी_रात्रपाळी

हे असले जुगाड कशाला करता. आमच्याकडे एमआयडीसीत कॉम्प्रेसरचा करंट आणि प्रेशर सगळं पोस्टग्रेस डेटाबेसवर टाइमस्केलडीबी हे एक्स्टेन्शन टाकून भरतो, आणि फोनवर टर्मक्स, म्हणजे कमांड टाइप करायचा टर्मिनल. टर्मक्सपण ओपन सोर्स, त्यात पोस्टग्रेसचं पॅकेज टाकलं की पीएसक्यूएल येतं, मग सरळ एसक्यूएल. टाइम बकेट पंधरा मिनिटांचा घ्यायचा, सरासरी काढायची, संपला विषय. रात्री ३ ला मशीन अडकलं की मी बेडवर पडल्या पडल्या बघतो कुठल्या कॉम्प्रेसरने दम सोडला. जॉइन मारता येतात, मशीनच्या टेबलला जोडून ऑपरेटर कोण होता तेपण निघतं.

अमृततुल्य

ऑपरेटर कोण होता हे निघतं म्हणूनच तुमचा ऑपरेटर सेन्सरची वायर काढतो 😀 टर्मक्स उत्तम आहे, मीही वापरतो, पण त्यांना वॉचमन काकांच्या हातात द्यायचंय. काळा पडदा बघून काका राजीनामा देतील.

टाकीवाला_वडगाव

अमृततुल्य भाऊ, लय धन्यवाद. टाकलं ॲप, लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर उत्तर येतंय, फोनवरून केलं तर स्टेटस २०० येतोय म्हणजे सगळं ठीक, पण जावास्क्रिप्टचा तुकडा ओरडतोय की सिरीज नावाचं काही नाहीच. दोन तास घालवले. बायको म्हणाली गच्चीवर जाऊन बघून आला असतास तर चार वेळा झालं असतं.

एक सांगायचं राहिलं, मी मेझरमेंटचं (इन्फ्लक्समधल्या टेबलचं) नाव देवनागरीत ठेवलंय, "टाकी". मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास उत्साह आला होता, तेव्हा जुना डेटापण नव्या नावावर हलवला.

मीटरवाली

दादा, उत्साहाचं कौतुक आहे, इन्फ्लक्सला यूटीएफ-८ चालतं त्यामुळे नाव देवनागरीत ठेवणं हा गुन्हा नाही. पण क्वेरीत असं नाव दुहेरी अवतरणात लिहावंच लागतं, आणि नाव अक्षरशः तेच पाहिजे. मला सांगा, फोनवर टाइप करताना ती टाकी दीर्घ आहे की ऱ्हस्व?

इन्फ्लक्सची ही खोड लक्षात ठेवा. नाव चुकलं तर तो "असं मेझरमेंट नाही" म्हणत नाही. तो २०० देतो आणि रिकामं उत्तर देतो. म्हणजे नाव चुकलंय, का त्या वेळेत डेटाच नाही, का टॅगची (रीडिंगला लावलेल्या लेबलची) किंमत चुकलीये, तिन्हीचं उत्तर सारखंच, शून्य शब्द. इंग्रजी नावं असलेल्यांचीही यातून सुटका नाही कारण फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो आणि याच्या लेखी लहान टीची टाकी वेगळी आणि मोठ्या टीची वेगळी. माझा दीड दिवस गेला होता यात, सोलरच्या मीटरवर.

अजून एक. टॅगची किंमत एकेरी अवतरणात, नावं दुहेरीत. विंग बरोबर "बी" असं दुहेरीत लिहिलंत तर तो बी नावाचा कॉलम शोधत बसतो आणि परत तेच, रिकामं. आणि क्वेरी वर्डमध्ये टाइप करून कुणी पाठवली असेल तर त्यातली अवतरणं वळलेली असतात, त्यावर मात्र निदान एरर तरी येते.

टाकीवाला_वडगाव

ऱ्हस्व. ताई, ऱ्हस्वच होती. दीर्घ केल्याबरोबर आकडा आला. १२७.

गुपचूप_वाचक

शुद्धलेखनामुळे पाणी बंद, हे पुण्यातच होऊ शकतं.

टाकीवाला_वडगाव

हा हा. बरं, वायफायवर चालतंय. बाहेरून पण हवं होतं म्हणून राउटरवर ८०८६ पोर्ट उघडून दिलाय, ऑफिसमधून छान आकडा दिसतो. पुढचा प्रश्न विचारतो थोड्या वेळात.

अमृततुल्य

पुढचा प्रश्न राहू द्या, आधी तो पोर्ट बंद करा. आत्ता. चहा नंतर.

इन्फ्लक्स १.८ टाकला की ऑथेंटिकेशन डीफॉल्टने बंद असतं. तुम्ही कॉन्फिगमध्ये हात लावला नसेल तर याचा अर्थ जगातला कुणीही तुमचा पत्ता शोधून ड्रॉप डेटाबेस आणि पुढे त्याचं नाव पाठवून सगळा डेटा पुसू शकतो, आणि असे पोर्ट शोधत फिरणारे बॉट रात्रंदिवस जागे असतात. कॉन्फिगमध्ये एचटीटीपीच्या भागात ऑथ-एनेबल्ड ट्रू करा, पण त्याआधी एक ॲडमिन यूजर बनवा. मग फोनसाठी वेगळा यूजर आणि त्याला त्या एका डेटाबेसवर फक्त ग्रँट रीड, म्हणजे वाचायची परवानगी. काकांचा फोन रिक्षात राहिला तर ज्याला मिळेल त्याला टाकीची पातळी कळेल, एवढंच. बोर्डला लिहायला तिसरा यूजर, त्याला फक्त राइट.

आणि बाहेरून यायचं तर वायरगार्ड, म्हणजे फोन आणि पाय यांच्यातला कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन). त्याचंही ॲप ओपन सोर्स आहे, फोनवर टाका, पायवर टाका, राउटरवर फक्त यूडीपीचा एक पोर्ट, ५१८२०, आणि तो किल्ली नसलेल्याला उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. साधं एचटीटीपी असलं तरी बोगद्याच्या आत असल्यामुळे पासवर्ड उघड्यावर जात नाही.

टाकीवाला_वडगाव

बंद केला हो. आजच केला. डेटा शाबूत आहे, हात जोडतो.

वायरगार्ड मात्र बाहेरून लागेना. इंटरनेटवाल्याला फोन केला तर तो म्हणे पब्लिक आयपी घरगुती प्लॅनवर मिळत नाही. मग तो ८०८६ ऑफिसमधून कसा दिसत होता? आत्ता लक्षात आलं, ऑफिसमधून नाही, त्या दिवशी मी घरून काम करत होतो. असो.

मीटरवाली

😂 म्हणजे बॉटपासून इंटरनेटवाल्यानेच वाचवलं.

तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे अनेक घरांना मिळून एकच पब्लिक आयपी. टेलस्केल बघा, आतून वायरगार्डच आहे, दोन्ही टोकं बाहेर जाऊन एकमेकांना शोधतात त्यामुळे पब्लिक आयपी लागत नाही, प्रत्येक उपकरणाला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो, तो ॲपमध्ये टाकायचा. ॲन्ड्रॉइडचं ॲप ओपन सोर्स आहे पण ओळखी करून देणारा त्यांचा सर्व्हर नाही. कमिटीतल्या त्या दोघांनी आक्षेप घेतलाच तर हेडस्केल म्हणून तो भाग स्वतः चालवायची ओपन सोर्स सोय आहे, पण त्यासाठी बाहेर एखादा भाड्याचा सर्व्हर लागेल आणि मग "किती रुपये"वाले उठतील.

कोथरूडची_आयफोनवाली

मध्येच विचारते, आयफोनवर काय? हे एचटीटीपी शॉर्टकट्स ॲप तिथे दिसत नाहीये.

अमृततुल्य

ते ॲन्ड्रॉइडचंच आहे. आयफोनवर ए-शेल म्हणून ओपन सोर्स टर्मिनल आहे, त्यात एचटीटीपी विनंती पाठवणारी कर्ल कमांड चालते. फक्त सेटिंगमधे स्मार्ट पंक्चुएशन बंद करा नाहीतर अवतरणं वळतील आणि मीटरवाली ताईंचा प्रतिसाद परत वाचावा लागेल.

भोसरी_रात्रपाळी

रच्याकने, १.८ वर किती दिवस राहणार? ते आलं २०२० ला, त्याच वर्षी २.० आलं, २०२५ ला ३ कोअर आलं, ते तर रस्ट भाषेत नव्याने लिहिलंय आणि त्यात परत एसक्यूएल. मी म्हणत होतो ना.

मीटरवाली

पाय जुना आहे, ३२ बिटची सिस्टिम असेल तर २.० बसणारच नाही, त्याला ६४ बिट लागतं. आणि ज्यांनी २.० आल्यावर सगळ्या क्वेरी घाम गाळून फ्लक्स या क्वेरीच्या भाषेत लिहिल्या त्यांना विचारा, आता ती भाषा नुसती देखभालीवर ठेवलीये. मी त्यातलीच एक. एका टाकीसाठी १.८ पुरे, बोगद्याच्या आत ठेवा आणि बॅकअप घ्या. एसडी कार्ड कधी मान टाकेल सांगता येत नाही.

टाकीवाला_वडगाव

टेलस्केल लागलं, यूजर तीन केले, काकांच्या फोनवर बटण दिलं. काका खूश, म्हणाले साहेब हे आधी का नाही केलं.

आता "काल किती वापरलं" वर अडकलोय. दहा मिनिटांच्या सरासरीतला फरक काढायचा, त्यातले उणे असलेले तेवढे घ्यायचे आणि दिवसाची बेरीज, अशी क्वेरीच्या पोटात क्वेरी केली. भरलं किती हे अधिकच्या फरकांवरून. आकडे येतात पण गुरुवारचा हिशोब विचित्र. पाणी बंद त्या दिवशी आम्ही पंप चालवतच नाही, तरी गुरुवारी टाकी भरल्याचं दाखवतंय, आणि बुधवारी भरलंय ते नेहमीपेक्षा कमी. कुणी चोरून पंप लावतंय का असं वाटून काकांना विचारलं तर काका रुसले.

मीटरवाली

काकांची माफी मागा. तुमचा पंप पहाटे किती वाजता लागतो? पाच-साडेपाच?

इन्फ्लक्स सगळं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो आणि ग्रुप बाय टाइम एक दिवस म्हटलं की त्याचा दिवस यूटीसीच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३० ला. पंप ५ ला लागून ६ ला बंद होत असेल तर अर्धी टाकी कालच्या खात्यात आणि अर्धी आजच्या. शुक्रवारी पहाटे ५ ते ५:३० भरलेलं पाणी तुम्हाला गुरुवारी दिसतंय. आणि बुधवार जो कमी वाटतोय, त्याला मागून अर्धा तास मिळायला हवा होता तो गुरुवारच्या पहाटेचा, पण तेव्हा पंपच नव्हता.

क्वेरीच्या अगदी शेवटी टीझेड (म्हणजे टाइमझोन) आणि कंसात एकेरी अवतरणात एशिया/कोलकाता लिहा. दिवस आपल्या मध्यरात्रीला तुटेल. आणि वेअरमध्ये वेळेची अट टाकायला विसरू नका, गेल्या सात दिवसांचं एवढंच मागा. दर ३० सेकंदांनी म्हणजे दिवसाला २८८० ओळी होतात, वर्षाला साडेदहा लाख, अट नसली की तो बिचारा पाय पहिल्या दिवसापासून सगळं चाळत बसतो आणि फोनवर टाइमआउट.

टाकीवाला_वडगाव

५ ते ६ च लागतो. टीझेड टाकलं. गुरुवार शून्य भरणा. काकांना मस्तानी पाजली.

पण ताई, आता नवीनच भूत. रोज रात्री १ ते ४, पंप बंद, अख्खी सोसायटी झोपलेली, आणि पातळी ६ सेमी उतरते. टाकी आतून ४ बाय ३ मीटर, म्हणजे १ सेमीला १२० लिटर, तीन तासांत ७२० लिटर कुठे जातंय? आणि त्याहून गंमत म्हणजे मे महिन्यात अर्धी सोसायटी गावाला गेलीये तर दुपारी पातळी २-३ सेमी आपोआप वर चढते. पंप नाही, टँकर नाही. चेअरमन म्हणाले वरुणराजाची कृपा.

निवृत्त_मास्तर

वरुणराजा नव्हे, ध्वनी. तुमचा सेन्सर आवाज पाठवतो, परत यायला लागलेला वेळ मोजतो आणि आवाजाचा वेग ठरीव धरून अंतर काढतो. पण हवेतला आवाजाचा वेग ० अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. दुपारी गच्चीवरच्या टाकीतली हवा पहाटेपेक्षा १५ अंशांनी तापली तर वेग ९ मीटरने वाढला, म्हणजे अडीच टक्क्यांच्या वर. पाणी झाकणाखाली १२० सेमीवर असेल तर आवाज लवकर परत येतो आणि सेन्सरला ते ११७ वर वाटतं. पाणी ३ सेमी वर.

आता हेच रात्री उलटं होतं हे ध्यानात घ्या. हवा गार होत जाते, पाणी खाली गेल्यासारखं दिसतं. १ ते ४ मध्ये ४ अंश उतरले तर मीटरभर अंतराला पाऊण सेमी. म्हणजे तुमच्या ६ सेमीतला पाऊण सेमी खोटा, सव्वापाच खरा. गळती आहेच, ६३० लिटर धरा. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर स्वस्तात मिळतो, तो झाकणाखाली लावा आणि बोर्डमध्येच वेग दुरुस्त करून मग आकडा पाठवा. मोजमाप उगमाशी सुधारावं, क्वेरीत ठिगळ लावू नये.

गुपचूप_वाचक

मास्तर, दंडवत. वाचनखूण साठवली.

टाकीवाला_वडगाव

आठ दिवसांनी येतोय, पण सांगण्यासारखं आहे.

तापमानाचा सेन्सर लावला. दुपारचं चढणं गेलं, रात्रीची उतरण राहिली, पाच सेमीच्या आसपास. मग शनिवारी रात्री दीडला मी आणि काका गच्चीवर. टाकीतून बी विंगची लाइन वेगळी आणि ए ची वेगळी, दोन्हीला वॉल्व्ह. ॲपमध्ये नवीन बटण केलं होतं, गेल्या तासाची दहा-दहा मिनिटांची सरासरी, नुसते सहा आकडे एकाखाली एक, ग्राफ नाही काही नाही. ए बंद केला. दर दहा मिनिटाला बघायचा मोह होतो पण तासाला पावणेदोन सेमी म्हणजे दहा मिनिटाला तीन मिलिमीटर, तेवढं हा सेन्सर कुठून पकडणार, त्याचाच आकडा एखादा सेमी इकडे तिकडे नाचतो. म्हणून तासभर थांबायचं ठरवलं. काकांनी थर्मासमधून चहा आणलेला. अडीचला बटण दाबलं, आकडे उतरतच होते. म्हणजे ए निर्दोष. ए चालू, बी बंद. साडेतीनला परत बटण. सहाही आकडे जवळजवळ एक. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचले.

दुसऱ्या रात्री बी च्या चार उभ्या लाइनी, आधी दोन बंद, मग उरलेल्यातली एक. तिसरी लाइन निघाली. त्या लाइनीवर पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट चार महिने बंद आहे, मालक मुलाकडे अमेरिकेत. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती, त्यांना फोनवर विचारून उघडलं तर कमोडच्या फ्लशची टाकी अखंड वाहतेय, दाराबाहेर आवाजसुद्धा नाही. वॉशर. प्लंबरने वॉशरपेक्षा पाच मजले चढण्याचे जास्त घेतले, लिफ्ट असून.

भोसरी_रात्रपाळी

मानलं राव. तरी एसक्यूएलमध्ये एका क्वेरीत झालं असतं.

मीटरवाली

वॉल्व्ह कोण फिरवणार होतं, एसक्यूएल?

टाकीवाला_वडगाव

शेवटचं एक विचारून घेतो. काका आता बटण दाबतात आणि तरीही काठी घालून बघतात. काल सकाळी ॲप म्हणत होतं टाकीत ९६ सेमी, काकांची काठी म्हणत होती भरून वाहायला आलीये, आणि खरंच वाहायला लागली. काका तेव्हापासून माझ्याशी जरा मोठ्या आवाजात बोलतात.

निवृत्त_मास्तर

या सेन्सरला २०-२५ सेमीच्या आतलं दिसत नाही. पाणी त्याच्या फार जवळ आलं की तो काहीही बरळतो. झाकणाला भोक पाडून फूटभर उंच पाइपच्या वरच्या तोंडाशी सेन्सर बसवा, पाइप चांगला रुंद घ्या नाहीतर आवाज भिंतींवरच आपटेल. तोवर काठीच प्रमाण माना.